वसंत पुस्तिका आणि झाड क्रमांक एक

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.१०
आयुष्याला वळण. केंद्रप्रमुख तोताराम सरांनी ग्रुपवर परिपत्रक टाकलं. ‘वसंत ऋतूतील मैदानी व पर्यावरण शिक्षण : शिक्षकांसाठी संदर्भ पुस्तिका.’ जिल्हाभरातून मागवल्या आहेत. ज्याची निवडतील त्याला जूनपासून दोन वर्षं धुळ्यात साधनव्यक्ती (शिक्षकांचा प्रशिक्षक) म्हणून घेणार. धुळ्यात, म्हणजे घरी. पुनम आणि चिमी तिथे, मी इथे साक्रीच्या डोंगरात पत्र्याच्या खोलीत, पाच वर्षं झाली. दर शनिवारी एसटी. चिमीने शाळेत वडिलांची माहिती सांगताना ‘माझे पप्पा शनिवारी असतात’ असं सांगितलं म्हणे.
परिपत्रक तीनदा वाचलं. माझ्यासाठीच काढल्यासारखं वाटतंय.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून दोन पानं. महिन्यात साठ.

४ फेब्रुवारी. ७.२०
उठलो सातला. पण पाचला जाग आली होती, हे महत्त्वाचं.

९ फेब्रुवारी, रविवार. धुळे
मुखपृष्ठ तयार. पाच दिवस गेले, पण फॉन्ट असा सापडलाय की बघणाऱ्याने बघत राहावं. वर माझा फोटो हवा होता. पुनमने गच्चीत तुळशीच्या कुंडीजवळ काढला. काढता काढता विचारलं, खाली गेटजवळचं झाड कसलं आहे सांगा बरं. मी म्हणालो, पुस्तिका शिक्षकांसाठी आहे, झाडांसाठी नाही. ती हसत खाली गेली. शैक्षणिक साहित्याची तिला जाण कमी.
(झाड कसलं आहे ते विचारून ठेवणे. वॉचमनला. ती नसताना.)

१२ फेब्रुवारी
नेटवर काय साहित्य आहे! परदेशी शिक्षक नुसते बाहेरच असतात. उपक्रम एक : बर्फ वितळला की मुलांना मैदानात न्या. आपल्याकडे बर्फ नाही. बदल केला, ‘साक्रीच्या बाजारातून लादी आणावी.’ उपक्रम दोन : साचलेल्या पाण्यात उड्या मारा. डबकं नाही. मुलांना हातपंपावरून पाणी आणून ओतायला लावलं. डबकं होत आलं होतं, तेवढ्यात भिकुबाई आल्या. त्या आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. रिकामा हंडा घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या, बस. शेवटी उरलेलं पाणी मुलांनी खिचडीला दिलं.
नवीन कल्पनेला विरोध घरच्याच माणसांकडून होतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार
उपक्रम सहा, ‘निसर्गाचा आवाज’. तेवीस मुलं, शाळेपुढच्या मोठ्या झाडाखाली, डोळे मिटून दहा मिनिटं. मग ऐकलं ते लिहायचं. चौथीतल्या जमनाने (भिकुबाईंची नात, भारी चौकस) लिहिलं : होला, हातपंप, सरांचा मोबाईल, सरांचा मोबाईल, सरांचा मोबाईल.
पुस्तिकेत फक्त होला पक्षी घेतला.
पानं झाली अकरा. मुखपृष्ठ धरून.

३ मार्च, सोमवार
सकाळची शाळा सुरू. तरी दहाला पत्रे तापतात. आज मुख्य उपक्रम, वृक्ष सर्वेक्षण. परदेशी पुस्तिकांत याला फार मान. मी स्वतः जाणार होतो, पण मुलांना नेतृत्वाची संधी द्यावी असं ऐनवेळी सुचलं. ऊनही होतंच. जमनाला गटप्रमुख केलं. रकाने माझे : क्रमांक, नाव, घेर, स्थिती. दीड तासात एक्केचाळीस झाडं करून आली पोरं. घामाघूम. मी तोवर ऋणनिर्देश लिहून काढला.

५ मार्च
फॉर्ममध्ये माहिती भरली. स्थितीच्या रकान्यात सतरा झाडांपुढे जमनाने लिहिलंय, ‘फुटेल’. नवखा माणूस इथे गोंधळला असता. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला, घरात निम्मी हिंदी; पण इथली अहिराणी मी पहिल्याच वर्षी पकडली. करेल म्हणजे केलेलं, गयेल म्हणजे गेलेलं. तेव्हा फुटेल म्हणजे फुटलेलं. खोड फुटलेलं, चिरलेलं. उद्या मुलांच्या डोक्यावर पडेल.
खात्री करावी म्हणून खिडकीतून क्रमांक एक पाहिलं. शाळेपुढचं तेच मोठं झाड, मोहाचं. अंगावर पान नाही. नुसत्या काटक्या. आमच्या जळगावकडे केळी बारा महिने हिरवी, असलं बोडकं झाड म्हणजे गेलेलंच. सतराच्या सतरा ‘धोकादायक’ केली. आणखी एक केलं. ‘समाजसहभाग’ला दहा गुण आहेत, म्हणून यादीची एक प्रत ग्रामपंचायतीला दिली. वर लिहिलं, ‘योग्य कार्यवाहीस्तव’. ग्रामसेवक समाधानभाऊंनी पोच दिली, गोल शिक्क्यासकट. शिक्का पुस्तिकेत स्कॅन करून टाकला. पान भरलं.

१० मार्च
तोताराम सरांचा फोन. पुस्तिका धुळ्याला गेली, पंचवीसला सादरीकरण. चिमीला फोन करून सांगितलं की जूनपासून पप्पा सोमवारीही. ती म्हणाली, मंगळवारी? म्हटलं, मंगळवारीही. तिने सगळे वार विचारले.
आज कशात लक्ष लागलं नाही. खोलीत नुसत्या येरझाऱ्या.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ६.४०
लवकर जाग आली (खरोखर). शाळेत गेलो. भिकुबाई आणि जमना झाडाखाली वाकून काहीतरी टोपलीत भरत होत्या. मी म्हणालो, वा, स्वच्छता अभियान. मग जमनाने वर बोट दाखवलं.
झाड फुलांनी लगडलेलं. पिवळट, गुबगुबीत फुलं टपटप पडतायत. शेंड्यांना तांबूस पालवी. वास असा की डोकं जड व्हावं. मी विचारलं, हे तर फुटेल होतं ना? जमना म्हणाली, “हां सर. फुटेल म्हणजे कोंब फुटेल. तुटेल नही.”
पालवी फुटते. हा तर मराठीतलाच शब्द. मी बी.एड.ला मराठी घेतलं होतं.
भिकुबाईंनी मूठभर फुलं माझ्या हातावर ठेवली. शाळेला इमारत नव्हती तेव्हा वर्ग याच झाडाखाली भरायचा, त्यांचा मुलगा इथेच बसून शिकला, असं सांगत होत्या. फुलं वाळवून ठेवतात, पावसाळ्यात घरात तीच कामी येतात. मी मान डोलवत होतो. हात चिकट झाले.

१८ मार्च. दुपारी
म्हणजे मी वसंत ऋतूच्या पुस्तिकेत सतरा झाडांचा वसंत धोकादायक ठरवलाय.
घाबरायचं कारण नाही. एक पत्र लिहिलं की झालं. उद्याच.

१९ मार्च
पत्र लिहिलं. चार खर्डे. पहिल्यात ‘माझी चूक’. दुसऱ्यात ‘टंकलेखनातील चूक’. तिसऱ्यात ‘बोलीभाषेतील तफावत’. चौथ्यात कुणाचीच चूक नाही, फक्त ‘धोकादायकऐवजी उत्तम असे वाचावे’. हाच उत्कृष्ट. शर्टाच्या खिशात ठेवला.
पण प्रत तोताराम सरांना जाणार, त्यांच्याकडून धुळ्याला. एक्केचाळिसात सतरा चुका म्हणजे माहितीचे गुण गेले. सादरीकरण पंचवीसला. सव्वीसला दिलं तर काय बिघडतं? सरकारी काम आठ दिवसांत होत नाही, हा माझा सोळा वर्षांचा अनुभव आहे.

२० मार्च
समाधानभाऊंचा माणूस येऊन झाडावर लाल रंगाने ‘१’ लिहून गेला. वळवाच्या वाऱ्यात झाड पत्र्यावर पडू नये, म्हणून या वेळी घाई आहे म्हणे. ठरावही झालाय.
असली कार्यतत्परता हातपंप बिघडला तेव्हा दिसली नव्हती.

२१ मार्च, शुक्रवार
जागतिक वन दिन. पुस्तिकेतली प्रतिज्ञा मुलांकडून म्हणवून घेतली, त्याच झाडाखाली. जमनाने विचारलं, लाल आकडा कशाचा. मी म्हणालो, आपल्या सर्वेक्षणाचा नंबर. खोटं नाही हे. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आपल्या झाडाचा पहिला नंबर आला म्हणून.
जेवण गेलं नाही.

२२ मार्च, शनिवार. धुळे
पुनमला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, “आधी ते पत्र देऊन या. मग इथे या.” मी समजावलं की प्रत्येक गोष्टीला एक क्रम असतो, निवड झाली की माझ्या शब्दाला वजन येईल, मग साधनव्यक्ती म्हणून मीच झाड वाचवीन. ती भांडी घासायला उठली.
दूरदृष्टी सगळ्यांकडे नसते.

२४ मार्च, सोमवार
आज पत्र दिलंच असतं. ग्रामपंचायतीत गेलो, कुलूप. समाधानभाऊ समोर टपरीवर चहा घेत होते. माझ्यासाठीही सांगितला. उन्हाबद्दल बोललो, पोरांच्या पोषण आहाराबद्दल बोललो, त्यांच्या नवीन गाडीच्या ॲव्हरेजबद्दल बोललो. एवढ्या मोकळ्या गप्पांत कागद काढणं बरं दिसलं नसतं. घामाने खिशातला कागद ओला झाला. परवा नवीन प्रत काढून देतो.
संध्याकाळच्या गाडीने धुळे.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी १०.४०
बाकावर बसलोय. आत कुणीतरी बोलतंय. स्लाइड चौदावर ते झाड आहे.

११.१५
समाधानभाऊंचा फोन. नेमका आता. घेतला नाही. मोबाईलमध्ये तयार उत्तर असतं तेच पाठवलं, ‘मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो.’

११.२२
परत फोन. परत तेच उत्तर. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

दुपारी १.३०
सादरीकरण फर्मास. एक मॅडम स्लाइड चौदा बघून म्हणाल्या, किती सुंदर झाड. मी आभार मानले.
बाहेर येऊन समाधानभाऊंना फोन केला. तोडणारे सकाळी आले होते. भिकुबाई बुंध्याला हात लावून उभ्या राहिल्या, हलेनात. म्हणाल्या, सरांना विचारा, सर सांगतील झाड चांगलं आहे ते. म्हणून समाधानभाऊंनी फोन केला. दोनदा. आणि माझा मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला. पाऊण तास थांबले. मग कागदावर धोकादायक होतं, त्याप्रमाणे केलं.
मी म्हणालो, ठीक आहे. असं का म्हणालो कळत नाही.

२६ मार्च, बुधवार
शाळेपुढे एकदम उजेड. इतका की ऑफिसात कागद वाचायला खिडकी लावावी लागली. उरलेल्या बुंध्यावर मुलं बसत नाहीत, लांबून बघतात. ओला आहे अजून.
पत्र दिलं. पाचवा खर्डा. पहिल्या ओळीतच ‘माझी चूक’. बाकीची सोळा वाचली, समाधानभाऊंनी यादीवर काट मारली. खिशातून कागद काढून द्यायला अर्धं मिनिट लागलं.
खिचडी झाल्यावर भिकुबाईंनी विचारलं, “सर, आते पोरेस्ले कोठे बसाडू?” दरवर्षी पोरं झाडाखाली जेवतात. मी म्हणालो, वर्गात. वर्गात पत्रे तापलेले. पहिलीतली दोघं ताट घेऊन भिंतीच्या सावलीत गेली. सावली हातभर होती.
मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ मार्च
संकल्प : पावसाळ्यात तिथेच मोहाचं रोप लावणे. नेटवर बघितलं. फुलं यायला दहा वर्षं तरी लागतात. काही ठिकाणी पंधरा लिहिलंय.
नेट बंद केलं.

२ एप्रिल, बुधवार. दुपारी १२.१५
निवड झाली. तोताराम सरांनी फोनवर अभिनंदन केलं. मी विचारलं, बाकीच्यांच्या पुस्तिका कशा होत्या. ते म्हणाले, बाकी कुठल्या, जिल्ह्यातून तुमची एकटीच आली.
तरीही निवड ती निवड. पुनमला कळवलं. तिने विचारलं, गावात सांगितलंत का?

सायंकाळी ५.००
सांगायला गेलो. भिकुबाई दारात गहू निवडत होत्या. जमनाने खाट टाकली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी सगळं सविस्तर सांगितलं. जूनपासून धुळे, घर, चिमी. झाडाबद्दलही बोललो. थोडं.
भिकुबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, “बरं व्हयनं, सर. तुम्ही जा.”
छान वाटलं. शुभेच्छा दिल्या, मनात काही ठेवलं नाही. खोलीपर्यंत हलकाच आलो. गावातली माणसं मोठ्या मनाची असतात, हे पुस्तिकेच्या प्रस्तावनेत घालणे.

५.४०
पाच वर्षं दर शनिवारी मी बॅग घेऊन निघालो की त्या शाळेच्या पायरीवरून म्हणायच्या, “या, सर.” निघालेल्या माणसाला कुणी जा म्हणत नाही. भुसावळात नाही, धुळ्यात नाही, या गावात तर नाहीच नाही.