हँडलची पितळी पिन

३ नोव्हेंबर
यांचं सहस्रचंद्रदर्शन दहा दिवसांवर आलं. नदीपलीकडे रामनगरच्या बागेत मंडप. मी ठरवलंय, हे सासऱ्यांच्या जुन्या मोटारीतून येणार. मोटार तिथेच विष्णू मिस्त्रीच्या शेडमध्ये असते, आमच्या दूधविनायकाच्या बोळात गायसुद्धा वळत नाही. बटणानं चालू होणं केव्हाच बंद. पुढून हँडल घालून फिरवायचं, तर ते घसरतं. किरकोळ काम. यांना सांगायचं नाही.

४ नोव्हेंबर
विष्णू म्हणाला, हँडलच्या टोकाची आडवी पिन इंजिनाच्या खाचेत अडकते, दोन्ही झिजल्यात. दोन्ही बदला, पोलादी. पंधरा दिवस लागतील. करंगळीएवढ्या पिनेला पंधरा दिवस! तेवढ्यात मी तीन लग्नांचे लाडू वळलेत. हँडल पिशवीत घालून घरी आणलं. ऑटोत एकीनं विचारलं, मी मुसळ म्हटलं.

६ नोव्हेंबर
ठठेरी बाजारात कसेऱ्याकडून, म्हणजे आपल्या तांबटाकडून, मोडक्या समईच्या दांडीची पिन करून बसवली. तासात काम. तो म्हणाला, माताजी, ई नरम हौ. मी म्हटलं, माणसंही नरमच टिकतात. शिवाय लोखंड शनीचं, पूजापाठ करणाऱ्याच्या मोटारीत पितळच बरं. खाचेचं म्हणाल तर पिन नवी असल्यावर खाच काय करणार.
नात सुरुची फोनवर म्हणाली, आजी, प्लीज, पहले मिस्त्री को दिखा दो. एवढी इंजिनियर झाली, पण भरवसा ठेवायला शिकली नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी
मोटार चालू करून दाखवायला यांना रामनगरला नेतेय. विष्णू गावाला गेलाय, तेही बरंच. हिरवी साडी नेसले.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी
पिन तुटली. हे जोर लावत होते, हँडल निसटलं, हात बंपरवर. उजवं मनगट. प्लास्टर.
डॉक्टरांना हे म्हणाले, घाटावर पाय घसरला. मी पैसे मोजले.

१० नोव्हेंबर
चूक विष्णूचीच. खाच झिजलीये तर हँडल नेऊ कसं दिलं? आणि समई सासूबाईंची, मुळातच तडकलेली.
हे लिहून खोडलं. तरी वाचता येतंय.

१३ नोव्हेंबर
हे ऑटोतून आले. संकल्पाला हात उचलेना, पळीतलं पाणी मी सोडलं. इंदूवन्सं जो येईल त्याला सांगत होत्या, वहिनीनं दादाला किती जपलं. मी मान हलवली. वर पेढाही खाल्ला.
घरी आल्यावर सांगून टाकलं, पिन पितळेची होती, मी बसवून घेतली होती.
हे म्हणाले, "दिसली होती मला. पिवळी धम्मक."
"मग फिरवलंत कशाला?"
"तू इतकी खूश उभी होतीस."
मग सदऱ्याच्या गुंड्या सोडून दे म्हणाले. चारच होत्या, पण मला बराच वेळ लागला. वर बघवतच नव्हतं.