बबिताचा फॉर्म

परभणी,
१७ नोव्हेंबर

चि. भुजंग यास अनेक आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. झरीत यंदा तूर कशी आहे ते कळव. तुझ्या वहिनीचे गुडघे पुन्हा दुखायलेत, आणि डॉक्टरची बायको असून ती माझं काडीचं ऐकत नाही. फोनवर तू 'बरं दादा' म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. पूर्ण वाच. अर्ध्यात घडी घालून खिशात टाकलास तर याद राख.

तुझ्या साक्षीचा फोन आला होता. तुला चोरून केला, तिला रागावू नको. दोन महिने पोट दुखायलंय म्हणाली. तुला सांगितलं तर तू म्हणालास, "टेन्शनचं असतं ते. मोठ्या बाबानंच सांगितलंय. मन घट्ट कर." माझंच वाक्य, आणि तेही अर्धं!

आठ वर्षं मी याच दुखण्यावर संशोधन करतोय. आतड्यात जखम नाही, गाठ नाही, दुर्बिणीत सगळं साफ, तरी माणूस वर्षानुवर्षं कळवळतो. ते नाटक नसतं, हे मी गावोगाव सांगत फिरलो. पण टेन्शनचं म्हणायच्या आधी दोन गोष्टी विचारायच्या. शौचातून रक्त जातं का? वजन उतरलंय का? एकालाही 'हो' आलं, की दुर्बिणीनं तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. हा नियम मीच घातलेला.

आता साक्षीच्या आईचं, बबिताचं लिहितो. तीन दिवस झाले, इथवर येऊन पेन थांबायलंय.

तुला वाटतं, तिचा कॅन्सर एकाएकी निघाला. "नांदेडला पोट उघडलं तवा पसरलेलं होतं, कुणाला काय कळणार होतं," असं तू तेराव्याला सगळ्यांना सांगत होतास, आणि मी शेजारी बसून मान हलवत होतो.

अरे, नांदेडच्या ऑपरेशनच्या नऊ महिने आधी तू तिला माझ्याकडं आणलं होतंस. पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली होती. मी थोरला दीर, माझ्यासमोर ती कधी बोललीच नाही. म्हणून मी तुझ्याकडं बघून विचारलं, "रक्तबिक्त जातं का?" तू म्हणालास, "न्हाई दादा, तसलं काई न्हाई." तुला काय ठाऊक रे! मी माझ्या संशोधनाच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं. वजनाचं तर विचारलंसुद्धा नाही. तेवढ्यात तिनं काहीतरी सांगायला हात वर केला, आणि बांगड्या सरकन कोपरापर्यंत घसरल्या. इतकी वाळली होती. मी बघितलं, आणि मान खाली घातली. शेजारच्या खोलीत राजेश्री सिस्टर होत्या, एक हाक पुरली असती. पण घरच्या बाईला असलं विचारायचं, विचारायला लावायचं... मला लाज वाटली, भुजंग. रोज पन्नास जणांना हेच विचारणाऱ्या मला! गोळ्या दिल्या आणि "टेन्शन घेऊ नको" म्हणून वाटेला लावलं.

माझ्या अभ्यासात ती एकशे बारावी पेशंट. 'आतड्यात दोष नाही' अशी नोंद. लेख छापून येणार म्हणून लोक अभिनंदन करायलेत. काल मी सगळं खरं लिहून तो परत मागवला. त्यानं ती काही परत यायची नाही.

पण पोरगी आहे. आईला अडतिसाव्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला असताना तिचं पोट असं अंगावर काढायचं नसतं. फोनवर मी तिला "रक्त जातं का?" म्हणून विचारलं.  ती लगेच म्हणाली, "ठेवते मोठे बाबा, पप्पा आले."

मंगळवारी पहिल्या एसटीनं तिला घेऊन ये. मी तपासणार नाही. आमच्या इथल्या डॉक्टर सुकेशनी मॅडम बघतील. दार लावून ती त्यांच्याशी बोलेल, तोवर आपण दोघं बाहेर बाकावर बसू. तुला माझ्या थोबाडीत मारायची असेल तर तिथंच मार, सगळ्या पेशंटसमोर. मी हात धरणार नाही. पण पोरीला आण.

खाली 'तुझा दादा' लिहायला हात धजत नाही.

गोपाळ