सुपावरचा थांबलेला हात

बाई, आज सकाळी मी एक प्रश्न विचारला नाही. समुपदेशनाचं काम नवं होतं तेव्हा दर गुरुवारी मी पौडला तुमच्या स्वयंपाकघरात यायचे, आठवड्याची टिपणं नावं गाळून वाचायचे. तुम्ही सुपात तांदूळ निवडत ऐकायच्या. मी काही टाळलं, की तुमचा हात थांबायचा. कासारसाईच्या एका आजोबांचा दिवस अजून समोर आहे. जमीन विकून त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या, हाताला काम उरलं नव्हतं. 'आता माजं हितं काय काम हाय?' असं ते म्हणाले, हे मी वाचते आणि तुमचा हात थांबतो. 'मरणाचा विचार येतो का, हे विचारलंस?' 'नाही. उगाच डोक्यात भरवल्यासारखं होईल...' 'शहाणीच आहेस! विचारल्यानं भरत नाही. तू उत्तराला घाबरलीस. ऊठ, आत्ता जा.' चहासुद्धा दिला नाहीत. मी रागाने रडतच एसटीत बसले. आजोबा ओट्यावर होते. विचारलं, तर म्हणाले, 'येतो की. पर पोरी, आजवर कुनी इचारलंच न्हाई.' संध्याकाळी त्यांच्या मुलाला घेऊन मी त्यांच्यासोबत दवाखान्यात होते.

आता मी नव्या समुपदेशक मुलींची टिपणं ऐकते. आज दुपारी एकीने सहज विचारलं, 'मॅडम, तुमची टिपणं तुम्ही कुणाला दाखवता?' मी म्हटलं, 'आमच्या बाईंना.' तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, हे तिला कुठे ठाऊक! खरं सांगते, तुमच्यानंतर मी कुणालाच दाखवलं नाही. मोठी झाले ना. आणि सकाळी समुपदेशनाला आलेली हिंजवडीतली एक मुलगी माझ्यासमोरून उठताना पिशवीतून तिचं तुळशीचं रोप काढते, टेबलावर ठेवते, हसून म्हणते, 'मॅडम, हिला तुम्ही सांभाळाल ना?' पुढची वेळ ठरवत नाही. आणि मी काय म्हणाले माहितीये? 'थँक्यू.' आजोबांना विचारला तो प्रश्न तिला विचारलाच नाही. रोप समोरच आहे. तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. तिने उचलला नाही तर?

हे पत्र कुठे पाठवणार आहे मी! तिला फोन करण्यापेक्षा तुम्हाला लिहिणं सोपं होतं, म्हणून लिहीत बसले. उत्तराची भीती अजून गेलेली नाही, बाई. फोन स्पीकरवर ठेवलाय. रिंग वाजते आहे.