बंगल्यांच्या पाण्याचा कागद

मंगळवार, संध्याकाळ

सही आज केलीच नाही. इगतपुरीजवळच्या आमच्या टेकडीवर पर्यटकांसाठी बंगले झालेत. त्यांना गावच्या विहिरीचं पाणी हवंय आणि त्याला सरपंच म्हणून माझी सही लागते. वरच्या वाडीत मात्र अजून नळ नाही. तिथल्याच ठकूबाई आज पंचायतीत आल्या.

"ताई, करा ना सही. सून त्या बंगल्यांवर कामाला हाय. बंगले बंद पडले तर पोरं घेऊन द्राक्षाच्या बागांवर जाईल."

"आणि पाणी?"

"ते मी वाहीन की."

त्यांच्यासाठीच अडून बसले होते ना मी? की नुसतीच सही टाळतेय? फार थकलेय. शेवटी कागदावर लिहिलं, 'आधी वाडीला नळ, मग बंगल्यांना.' ठकूबाईंना वाचून दाखवलं.

"नळ याया वरीस तरी जाईल. म्हंजे यंदा सून जाणारच," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.