इंचात बसणारी रायफल

३ एप्रिल, सकाळ
आणखी एक कोकरू गेलं. ओढ्याकाठी लोकर सापडली, बाकी काही नाही. न्याहारीला बसलो तर कोयोट समोरच्या टेकाडावर बसलेला. कोल्हा निदान लाजतो. हा त्याचा थोराड भाऊबंद आमची न्याहारी बघत होता.
ट्रक काढला, फाटकापर्यंत नेला, बॉनेटवर रायफल टेकवली आणि पाच गोळ्या झाडल्या. अंतर शंभर यार्ड. कोयोटानं पाचही ऐकून घेतल्या. मग उठला, आळस दिला आणि गेला. पळाला नाही. गेला.
माझी बायको लॉर्ना म्हणाली, अशानं त्याला सवय होईल.
दोष रायफलचा. सेमी-ऑटोमॅटिक रँच रायफलींचा हा खानदानी रोग आहे, सगळेच सांगतात. नळी पेन्सिलीएवढी बारीक. दोन गोळ्यांत तापते, मग तिसरी मनाला येईल तिकडे. पण रोग कळला की औषध असतं.
वडिलांची बोल्टची रायफल देऊन ही घेतली, त्याचा पश्चात्ताप नाही. त्या रायफलीतून एका वेळी एकच गोळी सुटायची. लॉर्ना म्हणते, त्यांना एकच पुरायची. विषय तो नाही.

४ एप्रिल
जेवायला मेहुणा आला. व्हर्लिन. हा लामा पाळतो, ती उंटासारख्या मानेची लोकरवाली जनावरं. धडधाकट माणूस, गुरांच्या मुलखात जन्मलेला, आणि लामा पाळतो.
म्हणाला, दाजी, आमचा डीकन नावाचा लामा घेऊन जा. कोयोट दिसला की मान ताठ करून अंगावर जातो, थुंकतो, लाथा घालतो. त्याला गोळ्या लागत नाहीत, दुर्बीण लागत नाही, आणि न्याहारी अर्धी टाकून उठावं लागत नाही.
मी शांतपणे सांगितलं की या रँचवर तीन पिढ्या ट्वेट घराणं राखण करत आलंय. लॉर्ना म्हणाली, कोकरांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.
शेवटी ठरलं असं. रोगराई टाळायला कोकरांच्या शेपट्या कापतात त्या दिवशी, म्हणजे मेच्या दुसऱ्या शनिवारी, सगळे शेजारी मदतीला येतात. त्यांच्यासमोर मी शंभर यार्डांवरून पाच गोळ्या झाडायच्या. पाचही कॉफीच्या डब्याच्या झाकणात बसल्या तर लामाचं नाव काढायचं नाही. नाही बसल्या तर डीकन येणार, आणि रात्री कळपाकडे मी फिरकायचं नाही.
कॉफीच्या डब्याचं झाकण. हसू आलं. संकल्प: पाच गोळ्या, एक इंच.

७ एप्रिल
औषधाआधी रोगाचं मोजमाप. फाटकापाशी ट्रक उभा केला, बॉनेटवर ओट्सचं पोतं, पोत्यावर रायफल. शंभर यार्डांवर मातीच्या बांधापुढे कागदी ताटली. इंजिन अर्थातच चालू. बॅटरी गेल्यापासून हा ट्रक अंगणातल्या उताराखेरीज कुठेही बंद करत नाही. रानात बंद करणं म्हणजे चालत घरी येणं. शिवाय कोपरांना ऊब मिळते.
दोन गोळ्या ताटलीत, एक ताटलीच्या खांबात. दोन सापडल्या नाहीत.
निदान पक्कं. नळी.

९ एप्रिल
गावात मर्लच्या दुकानात गेलो. मर्ल खिळ्यांपासून काडतुसांपर्यंत सगळं विकतो आणि सगळ्याबद्दल मत फुकट देतो. त्यानं नळीला घट्ट बसवायचा लोखंडी आधार दिला. म्हणाला, ऑर्व्हल, मारताना टेकू कशाचा घेतोस? म्हटलं, ट्रकचा. वडीलही ट्रकवरूनच मारायचे. म्हणाला, ट्रकसारखा टेकू नाही.
हे खरं आहे. वडिलांचा तो ट्रक अजून शेडमागे गवतात आहे. त्याचं इंजिन माझ्या जन्माआधीच काढलेलं. त्याच्या बॉनेटवरून त्यांनी काय काय टिपलं हे सगळा तालुका सांगतो. नेम रक्तात असतो.

१४ एप्रिल
आधार बसवला. फरक स्पष्ट आहे. पूर्वी गोळ्या चारही दिशांना जायच्या, आता जास्त करून वर-खाली जातात. शिस्त येते आहे.
कॉफीचा कप बॉनेटवर ठेवला होता. तो आपणहून हळूहळू चालत कडेपर्यंत गेला आणि पडला. फाटकापाशी जमीन उतरती असावी. लेव्हल लावून बघितलं, सपाट आहे. मग कपात दोष.

१८ एप्रिल
नळीखालच्या ठोकळ्याचे चार स्क्रू सारख्या ताणानं आवळले पाहिजेत म्हणे. आवळले. एकाची टोपी हातात आली. तीन स्क्रू सारख्या ताणाचे आहेत.
स्वयंपाकघरात शेगडीशेजारी खोक्यात आई मेलेलं एक कोकरू ठेवलंय. लॉर्ना त्याला बाटलीनं दूध पाजते आणि माझ्याशी बोलते. म्हणजे कोकराकडे बघत बोलते. म्हणाली, घाबरू नकोस, बाबा रायफल दुरुस्त करतायत.

२२ एप्रिल
बर्फ. घरात बसून लाकडी दस्त्याच्या आतल्या फटी रसायन ओतून भरल्या. आता लोखंड लाकडात तसूभर हलणार नाही.
संध्याकाळ: हलत नाही. साफसफाईसाठी बाहेरही निघत नाही. शिवाय खाली लॉर्नाचं केक भाजायचं भांडं होतं, तेही आता रायफलचाच भाग आहे.
लॉर्नानं जेवताना भांड्याचा विषय काढला नाही. केकही वाढला नाही.

२४ एप्रिल
भांडं निघालं. तुकड्यांत.

२७ एप्रिल
गोळ्यांत दोष असणार. चार प्रकारची काडतुसं आणली आणि लॉर्नाच्या मैद्याच्या काट्यावर एकेक तोलून वेगळी केली. फार एकाग्रतेचं काम. इतकं की ओढ्याकडून मेंढ्यांचा ओरडा ऐकू आला तेव्हा मी मान वर केली नाही.
एक कोकरू गेलं. पण काडतुसं आता वजनवार लावलेली आहेत.
लॉर्ना उठली. शेडमध्ये जाऊन लामाला पुरेल एवढी जागा झाडून आली.

२ मे
पोस्टानं नवीन चाप आला. लोण्यासारखा. नुसता विचार केला तरी गोळी सुटते. एक सुटली. कोंबड्यांच्या खुराड्याला आता हवा चांगली खेळेल.
व्हर्लिन सराव बघायला आला. कुंपणावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. म्हणाला, दाजी, कागदी ताटल्या स्वस्त आहेत, जरा मोठी घ्या. मग म्हणाला, ताटली हलत असेल, तिला थांबायला सांगा. मी काडतुसं भरत राहिलो. लामा पाळणाऱ्यांशी मी नेमबाजीवर बोलत नाही.

६ मे
रायफलवर दुर्बीण नवी. तिच्यातून सगळं इतकं मोठं दिसतं की ताटली थरथरताना दिसते. उन्हाच्या झळा. मे महिन्यात, जमिनीवर बर्फ असताना, झळा. हवामान बिघडलंय हे लोक उगाच म्हणत नाहीत.
लॉर्ना सँडविच घेऊन आली, ट्रकमध्ये बसली. म्हणाली, ही घरघर बंद करू का? माझे दात वाजतायत. किल्लीला हात लावू नकोस म्हणून बजावलं. समजावून सांगितलं की नेमबाजीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, आणि सध्या मी दुर्बीण बदलली आहे. ती बराच वेळ रेडिओच्या अँटेनाकडे बघत राहिली. अँटेना डुलत होती. वारा.
मग म्हणाली, बरं. तिचं हे बरं मला आवडलं नाही.

शनिवार, रात्र
सगळं जसं झालं तसं लिहितो.
दुपारपर्यंत शेपट्या कापून झाल्या. मग मंडळी बिअरचे कॅन घेऊन फाटकापाशी जमली. मर्लही दुकान बंद करून आला होता. व्हर्लिननं ट्रेलर आणला होता. आत डीकन. फळ्यांच्या फटीतून एक डोळा माझ्यावर. म्हटलं, एवढी घाई? व्हर्लिन म्हणाला, दाजी, त्याला फक्त बघायला आणलंय. त्याचं कुठे काही म्हणणं आहे?
ट्रक जागेवर, इंजिन चालू, पोतं, रायफल. बांधापुढच्या ताटलीवर मधोमध कॉफीच्या डब्याचं झाकण ठोकलेलं. मी श्वास धरला. पाच गोळ्या.
मर्ल बघून आला. म्हणाला, झाकण पुन्हा डब्यावर लावता येईल.
ताटलीला मात्र कडेला एक भोक होतं. हे कुणी लक्षात घेतलं नाही.
व्हर्लिन ट्रेलरची कडी काढायला लागला. लॉर्ना म्हणाली, थांब, मला मारून बघू दे. हात पुसले, ट्रकच्या खिडकीतून आत हात घातला आणि किल्ली फिरवली. म्हणाली, डोकं उठलंय या घरघरीनं. एकदम शांत झालं. इतकं की ट्रेलरमधला डीकन रवंथ करताना ऐकू येत होता. माझं पोतं, माझी रायफल, माझ्या तोललेल्या गोळ्या. तिनं पाच झाडल्या, मध्ये नाक पुसायला थांबली.
मर्ल झाकणच घेऊन आला. पाचही भोकं एकमेकांना चिकटलेली. त्यानं खिशातून तंबाखूची डबी काढून वर ठेवली. पाचही झाकली गेली. मग प्रत्येकानं आपापली डबी काढून ठेवून बघितली. सगळ्यांच्या डब्यांखाली झाकली गेली.
सगळे आधी ट्रककडे, मग बुटांकडे बघत होते. शेवटी मर्ल म्हणाला, ऑर्व्हल, रायफल मात्र झकास केलीस.
केलीच आहे. माझ्या सहा आठवड्यांच्या मेहनतीचा याहून मोठा पुरावा काय हवा? हे मी सगळ्यांना सांगितलं. तोवर व्हर्लिननं डीकनला उतरवलं होतं. मी झाडायच्या होत्या, तिनं नाही, म्हणून पैज मी हरलो असं लॉर्नाचं म्हणणं. कायद्यानं बरोबर आहे.
ट्रक सुरू झाला नाही. मंडळींनी ढकलला. मी स्टिअरिंगवर होतो. मागून हसण्याचा आवाज आला, पण ढकलताना माणसाला धाप लागते तेव्हा तसाच आवाज येतो.

बुधवार, पहाट
डीकन आल्यापासून एकही कोकरू गेलं नाही. योगायोग.
लॉर्नाच्या पाच गोळ्याही योगायोग. तो सिद्ध करायला कुणी उठायच्या आत ट्रक घेऊन कुरणात आलो. एक शंका आहे. ती इथे लिहिणार नाही. फक्त शास्त्र म्हणून इंजिन बंद केलं. बॉनेटवर पोतं, पोत्यावर रायफल, शेजारी काडतुसं आणि कॉफीचा कप.
कप जागचा हलला नाही. दुर्बिणीतून बघितलं, ताटली स्तब्ध. झळाही थांबल्या होत्या.
तेवढ्यात डीकन आला. मान ताठ, कान मागे. म्हटलं, अरे मी, घरचा. तो थुंकला. केबिनमध्ये शिरून दार ओढून घेतलं म्हणून लाथ दाराला लागली. किल्ली फिरवली. नुसती टकटक.
हे केबिनमध्ये बसून लिहितो आहे. रायफल बाहेर पोत्यावर आहे. डीकन पोतं फाडून ओट्स खातो आहे. अधूनमधून मान उचलून मी आहे ना, बघतो.
टेकाडावर कोयोट येऊन बसलाय. शंभर यार्ड. वारा नाही. हात माझे दगडासारखे स्थिर आहेत.
कोयोटानं डीकनकडे बघितलं, मग काचेआडच्या माझ्याकडे बराच वेळ. मग उठला, आळस न देता गेला.
घराकडून लॉर्ना चालत येते आहे, कोकराची दुधाची बाटली घेऊन. वाटेत थांबली. ट्रककडे बघतेय. तिला प्रश्न पडला असेल, मी इंजिन बंद का केलं.
सांगेन, डिझेल वाचवायला.