तेरा ऑक्टोबर नव्हे, आज

काँगमेंग,

उठलास की आधी बाजारात जा. आई गवती चहा न् मिरच्यांच्या टेबलाशी एकटी आहे. मी पालिकेत चाललेय, बाबांच्या मृत्यूच्या भरपाईचा अर्ज द्यायला. आज नऊ सप्टेंबर, शेवटचा दिवस आहे!

कॅलेंडरवर तू तेरा ऑक्टोबरला लाल गोल केलायस ना, तो चुकला. फोन करून भांडू नकोस, मीही तसंच मोजलं होतं. पालिकेच्या कचरागाडीने बाबांना उडवलं नऊ मार्चला, आणि अंत्यविधीच्या हॉलमध्ये आपला नंबर लागला तेरा एप्रिलला. आपण ह्मोंग माणसं निरोपापासूनच मोजणार. सकाळी पालिकेतली बाई फोनवर म्हणाली, "सहा महिने मृत्यूपासून. अंत्यविधीपासून कोण मोजतं?" म्हटलं, आमच्यात सगळेच.

आई तर सही करेना. म्हणते, "नऊ मार्चला ते गेले असं लिहून देऊ? अंत्यविधीत पावा वाजवून त्यांच्या आत्म्याला वाट दाखवेपर्यंत ते घरातच होते. रोज ताट वाढत होते मी." मग तो महिनाभर बाबा कुठे होते रे? मला काहीच कळेनासं झालंय. मुलीची सही चालते म्हणे, म्हणून मीच केली. आईला सांगू नकोस.

मोहरीचा पाला उकडून ठेवलाय, भाताबरोबर खा.

अर्जात नऊ मार्च लिहिलं खरं. दहा तारखेला त्यांना जेवायला हाक मीच मारली होती.

– पाहुआताई