भिंतीवरचा म्हसोबा

८ जानेवारी, बुधवार

तरसाचे पाय पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा वरून पांढरा मारला. खांदे उंच आणि मागचा भाग उतरता – कागदावर जमतं, भिंतीवर गेलं की गाढव होतं. पुण्याच्या संस्थेने सांगितलं, नाहीशी होत चाललेली जनावरं गावोगाव भिंतींवर काढ. बोरीचा बिबट्या पटकन झाला, वारूळवाडीचं घुबड तर हसतखेळत. आणे गावची ही भिंत मात्र छळणार. बिबट्याला लोक घाबरतात, म्हणून निदान बघतात तरी. तरसाकडे कोण बघतं? मढी उकरणारं जनावर, एवढीच त्याची ओळख.

संस्थेच्या मॅडमचा फोन. "तिथलंच वाटलं पाहिजे, खुशबू. नेटवरचं नको."

नेटवरचं मी कधी काढलंय? डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझा हात चालत नाही, हीच तर बोंब आहे.

९ जानेवारी

पाहिलं! भगवंतभाऊंनी नेलं. भिंतीसमोरच त्यांचं घर – शिडी, पाणी, चहा, सगळं तिथूनच येतं. माळावरच्या टेकाडामागे दोन खडकांच्या मधे बीळ आहे. आम्ही लांब गवतात पडून राहिलो. मादी ओझरतीच दिसली, पण दोन पिल्लं बाहेर आली. कान डोक्यापेक्षा मोठे, पाठीवरचे केस उभे, आणि एकमेकांचं शेपूट ओढणं चाललेलं. वहीत भराभर उतरवत गेले – पिल्लं, खडक, सगळं.

उतरताना भाऊ म्हणाले, "ताई, जागा कुणाला बोलायची न्हाई. कोन फटाकं लावंल, कोन मोबाईल घिऊन बसंल. पिल्लं जगायची न्हाईत."

मी शपथ घेतली.

१२ जानेवारी, रविवार

जमलं एकदाचं! पिल्लंही मस्त आली. फक्त सगळं चित्र पिवळं-तपकिरी झालं होतं. गवत तसं, खडक तसा, जनावरही तसंच. कुठेतरी एक तांबडा ठिपका हवा होता. वही उघडली तर खडकाच्या पायथ्याशी शेंदराचा जुना दगड होताच. जसाच्या तसा उचलला. पप्पांच्या दुकानातला केशरी ऑइलपेंट लावला आणि चित्र उभं राहिलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तरस गाव साफ ठेवतं. त्याला राहू द्या.' आज मी स्वतःवर लई खूश आहे, आण्याच्या भाषेत.

१४ जानेवारी, संक्रांत

सरूबाई, भगवंतभाऊंच्या आई, ओट्यावरून सहसा उठत नाहीत. गुडघे गेलेत. आज काठी टेकत रस्ता ओलांडून आल्या आणि बराच वेळ भिंतीपुढे उभ्या राहिल्या. मला वाटलं, तरस आवडलं.

"बाई, ह्यो तर आमचा टेकाडावरचा म्हसोबा," म्हणाल्या. "किती वरसं झाली, चढवतच न्हाई मला. त्योच आला बघ माज्या दारात."

पदर धरून नमस्कार केला, हळदकुंकू वाहिलं, तिळगूळ ठेवला. त्यांचे डोळे भरले. माझेही भरले, खोटं कशाला लिहू.

घरी येताना एसटीत एकदम लक्षात आलं. त्यांनी एका नजरेत जागा ओळखली. मी तोंडातून शब्द काढला नाही – आणि अख्ख्या भिंतीवर पत्ता रंगवून ठेवला.

१५ जानेवारी

पहिल्या गाडीने गेले. दगड पुसायचा, खडक बदलायचे, एवढंच डोक्यात. तर भिंतीपुढे चपलांची रांग. विटांच्या फटीत उदबत्त्या, नारळ फोडलेला, तरसाच्या मागच्या पायावर काजळी. मी ब्रश काढला तसे सरपंच बाळासाहेब हात जोडून पुढे आले. "ताई, देवावर रंग फिरवत्यात का कुटं? गावाला खपायचं न्हाई. तरसाचं काय ते करा तुमी."

जनजागृती करायला गेले आणि म्हसोबा जागा करून आले.

१९ जानेवारी, रविवार

झोप नाही, जेवण नाही. पप्पांना सांगितलं. ते गल्ल्यावरून म्हणाले, "जीवदयाच करायला गेली होतीस ना? मनातला भाव चांगला होता."

भाव चांगला होता म्हणे. भावाने बीळ वाचतं का? मॅडम तर फोटो बघून हरखल्यात – "लोकांनी आपलंसं केलंय चित्र!"

२३ जानेवारी

गावची बैठक. टेकाडावर रस्ता करायचा, म्हसोबाला चौथरा बांधायचा. म्हाताऱ्या माणसांना दर्शन व्हावं म्हणून. मी उभी राहिले आणि शपथ मोडली. सगळ्यांसमोर सांगितलं, दगडामागच्या खडकांत पिल्लं आहेत.

कुणी रागावलं नाही. "त्याला कोन हात लावतंय, ताई? देवाच्या राखणीचं जनावर ते. त्याला बी सावली व्हईल," बाळासाहेब म्हणाले. वनरक्षकही आले होते. पिल्लं मोठी होईपर्यंत थांबा, असं त्यांनी परोपरीने विनवलं. पण जमीन भगवंतभाऊंच्या भावकीची. खडकांना धक्का लावणार नाही, एवढं कबूल झालं. रस्ता मात्र अमावस्येच्या आत.

बाहेर भाऊंना गाठलं. ते खाली बघत होते. "म्हातारी म्हणती, मरायच्या आदी येकदा वर जाऊ दे. आईला काय बोलू मी?"

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इथे भांडायला माणूसच सापडत नाही.

२७ जानेवारी

जेसीबी चढला. दिवसभर आवाज. पार गावातल्या शाळेपर्यंत ऐकू येत होता.

२९ जानेवारी, अमावस्या

सरूबाईंना ट्रॅक्टरमधून वर नेलं. मीही गेले. दोन्ही खडक शाबूत, साधा ओरखडा नाही. लोकांनी शब्द पाळला. दगडाला नवा शेंदूर, वर लाऊडस्पीकरचा कर्णा. सरूबाई इतक्या खुशीत होत्या की त्यांचा राग करणं मला जमलं नाही.

मी मागे जाऊन बिळाशी बसले. आत काही हललं नाही. उग्र वास तेवढा राहिलाय. भाऊ येऊन शेजारी टेकले. "दुसरी जागा धरली आसंल," म्हणाले.

"एवढीशी पिल्लं चालली असतील?"

त्यांनी टोपी काढून झटकली, परत घातली.

९ मार्च, रविवार

बाळासाहेबांचा फोन. "ताई, चौथरा झाला बगा. मागची भिंत कोरी हाय. तुमचं तरस आन् पिल्लं काढा की तिथं. येनारी मानसं इचारत्यात, तरस कुटं हाय म्हणून."

हो म्हणाले. दुसरं येतंय काय मला?